स्ट्रीमलाइन जहाजाच्या मॉडेलवर सांध्यांच्या रेषा परत परत उमटतात, काय करायचं

प्रॉब्लेम असा आहे. फळीवर फळी चिकटवून स्ट्रीमलाइन (म्हणजे सगळं गोल, सलग, बाहेर काही न ठेवलेल्या) जहाजाचं अंग तयार केलं, घासलं, लांबी (म्हणजे पुट्टी) भरली, परत घासलं, प्रायमर मारला, पांढरा रंग, वर ग्लॉस, आणि त्या दिवशी सगळं एकदम गुळगुळीत. मग महिना दोन महिने जातात, एखाद्या सकाळी खिडकीतून तिरका उजेड पडतो आणि अंगभर आडव्या रेषा दिसायला लागतात, बरोबर जिथे जिथे सांधा होता तिथेच. मग परत पॉलिश पेपर, परत लांबी, परत रंग, आणि पुढच्या पावसाळ्यात परत त्याच रेषा त्याच जागी.

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की एकदा नीट लिहूनच टाकतो. सुरुवातीलाच सांगतो म्हणजे घाई असलेल्यांचं काम होईल: रेष रंगात नसते, लांबीतही बहुतेक वेळा नसते, सांध्याच्या खालचं लाकूड (किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड, किंवा प्लास्टिक) हलत असतं किंवा आक्रसत असतं. ते थांबवल्याशिवाय वरून कितीही महागडी पुट्टी भरा, फरक पडणार नाही.

आता हे साध्या जहाजाच्या मॉडेलवर का होत नाही? होतं की, तिथेही होतं, फक्त दिसत नाही. एखादं जुन्या धाटणीचं प्रवासी जहाज घ्या, त्याच्यावर रेलिंग, लाइफबोटी, त्या टांगायचे आकडे, हवेची भोंगळी, दोऱ्या, पत्र्यांचे जोड, डेकवर शंभर भानगडी असतात, नजर कुठेतरी अडकतेच आणि खालची चूक झाकली जाते. १९३५ ची फ्रेंच नॉर्मंडी त्या मानाने फार साफसूफ, डेकवरची यंत्रं बरीचशी आत दडवलेली, पण तिलाही तीन धुराडी (त्यातलं तिसरं नुसतं दिखाऊ) आणि दोन्ही बाजूंना लाइफबोटींची रांग आहेच. पण नॉर्मन बेल गेडीस या अमेरिकन डिझायनरने जे जहाज कागदावर काढलं, १९३२ मध्ये छापून आलं ते, त्यात हे काही ठेवलंच नाही. मुळात हा नाटकाचे सेट करणारा माणूस, पुढे १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्ससाठी फ्युचरामा नावाचं अवाढव्य मॉडेल केलं तोच हा. त्याने या जहाजाच्या लाइफबोटीसुद्धा आत घातल्या, बाहेरून झाकणं, डेकचे मजले सगळे एका सलग कवचाखाली, धुराडी मागे निमुळती होत गेलेली, ब्रिज (जहाज चालवायची जागा) विमानाच्या पंखासारखा आडवा पसरलेला. प्रत्यक्षात हे जहाज कधीच बांधलं गेलं नाही, त्यामुळे जगात जे काही आहे ते ड्रॉइंग आणि मॉडेलच. म्हणजे मॉडेल बनवणाऱ्याला लपायला जागाच नाही. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर एक चुणी पडली तर तीच दिसते, तसला प्रकार.

खरं सांगायचं तर पाण्याच्या वरचा भाग एवढा गोल गुळगुळीत केल्याने मोठ्या जहाजाला फार फायदा होत नाही, कारण शांत हवेत त्याला अडवणारी मुख्य गोष्ट पाणी असते, हवेचा वाटा अगदी थोडा. म्हणजे त्या गोलाईचं निम्म्याहून जास्त काम दिसणं हेच आहे, आणि आपण नेमकं तेच बनवतोय. त्यामुळे "जवळून बघू नका, लांबून छान दिसतं" हे इथे चालत नाही.

आधी रेष कोणत्या जातीची आहे ते ओळखा

लगेच घासायला बसू नका. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च मॉडेलला जवळजवळ चिकटवून अंगाला समांतर धरा आणि हळूहळू सरकवा. वरून टाकलेल्या उजेडात काही कळत नाही, तिरक्या उजेडात सगळं कळतं. मग नखाने रेष ओलांडून बघा, नख अडकतं का, आणि अडकलं तर दोन्हीकडून येताना अडकतं की एकाच बाजूने.

खोलगट रेष, कडा बोथट, सांध्याच्या बरोबर वर, आणि सगळ्या सांध्यांवर साधारण सारखी, तर गोंदाच्या पाण्याचा घोळ आहे. एका बाजूने पायरी, म्हणजे वरची फळी खालच्या फळीपेक्षा किंचित बाहेर किंवा आत, आणि ती पायरी उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात वेगळी, तर लाकूड हंगामाप्रमाणे फुगतंय आणि आटतंय. सांध्याच्या जागी बारीकसा उंचवटा आला असेल तर पांढरा गोंद सरकतोय. रेष नाहीच, रुंद पट्टा बसलाय, दोन-चार मिलिमीटर रुंदीचा, तर लांबी आटली. आणि केसासारखी धारदार चीर, रंग फाटलेला, तर सांधा सुटलाय, तिथे वरवरचं काही करण्यात अर्थ नाही, तो सांधा उघडूनच परत चिकटवावा लागणार. याशिवाय पॉलिश पेपरचे जुने ओरखडे रंगातून वर येतात तो वेगळा प्रकार, त्याचा सांध्याशी संबंध नाही, थिनरने खालचा प्रायमर फुगतो आणि ओरखड्याची कड उठते. ते ओरखडे सगळीकडे असतात, फक्त सांध्यावर नाही, त्यावरून ओळखा.

शक्य असेल तर मॉडेलच्या खालच्या बाजूला, जिथे स्टँड येतो तिथे, पेन्सिलने तारीख लिहून रेष कशी आहे ते टिपून ठेवा आणि मे मध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा बघा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण रेष हलती आहे की एकदाच बसून थांबलेली आहे हे याशिवाय कळत नाही आणि उपाय पूर्ण त्यावर अवलंबून आहे. एकदाच बसून थांबलेली रेष भरली तर ती परत येत नाही. हलती रेष भरली तर येतेच.

गोंदाचं पाणी

सगळ्यात जास्त केसेस याच असतात, आणि सगळ्यात कमी लोकांना हे माहीत असतं. सुताराचा पांढरा गोंद पाण्यात बनवलेला असतो. फळ्यांवर लावला की सांध्याच्या आजूबाजूचं लाकूड ते पाणी पितं आणि तेवढ्याच पट्ट्यात फुगतं. गोंद तासा-दोन तासांत पकडतो, दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले की कडक लागतो, मग आपण लगेच रंधा आणि कानस घेऊन आकार काढायला बसतो. त्या वेळी सांध्याची जागा फुगलेली असते, ती आपण घासून सपाट करतो. पुढच्या काही दिवसांत ते पाणी उडतं, लाकूड मूळ मापाला येतं, आणि जिथून जास्तीचं घासलं गेलं तिथे खड्डा पडतो. तोवर वर प्रायमर आणि रंग झालेला असतो आणि आपण लांबीला शिव्या घालतो.

उपाय फुकट आहे, थांबणं. चिकटवलेला ठोकळा कोरड्या दिवसांत किमान आठवडाभर आणि पावसाळ्यात त्याहून बराच जास्त तसाच ठेवायचा. किती थांबायचं याचा अंदाज बांधत बसू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा, ठोकळ्याचं वजन करा, दोन-तीन दिवसांनी परत करा, वजन उतरायचं थांबलं की पाणी गेलं. एक ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. घरात काट्यावरून बोलणी बसतील ती वेगळी.

घाईच असेल तर मग इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरा, त्यात पाणी नसतं, लाकूड फुगत नाही. फक्त पाच मिनिटांत सेट होणारा नको, हळू सेट होणारा घ्या, मोठ्या पृष्ठभागावर पसरवायला वेळ मिळतो आणि त्याचा सांधा जास्त भरवशाचा असतो. पांढऱ्या गोंदाची अजून एक खोड म्हणजे तो पूर्ण वाळला तरी थोडा लवचिक राहतो, लाकूड हंगामाने हललं की तो सांध्यातून किंचित वर ढकलला जातो, वर सांगितलेला बारीक उंचवटा तोच. टेबल-खुर्चीला काही फरक पडत नाही, ग्लॉस मारलेल्या पांढऱ्या जहाजाला पडतो.

लाकडाचं हलणं, हिशेबासकट

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. आडवं हलतं, आणि त्यातही दोन दिशांना वेगवेगळं, वार्षिक वलयांच्या कडेकडेने जेवढं हलतं त्याच्या साधारण निम्मं वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने. सगळा घोळ या निम्म्यात आहे.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, तेव्हा उघडं लाकूड हळूहळू १६-१८ टक्के ओलाव्यापर्यंत जातं. पुण्या-नगरकडे एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५-३० वर येते, तसंच राहिलं तर लाकूड ६-७ टक्क्यांपर्यंत सुकतं. घरातलं मॉडेल या दोन टोकांपर्यंत जात नाही, पण ८ टक्क्यांचा फरक धरू. सागवान घेतलं (आणि सागवान हे सगळ्यात शांत लाकडांपैकी एक), तर वलयांच्या दिशेने ओलाव्याच्या दर टक्क्याला सुमारे ०.२ टक्के हालचाल. म्हणजे १०० मिमी रुंद फळी ८ टक्क्यांत १.६ मिमी रुंद होते. तिच्या खालची फळी दुसऱ्या पद्धतीने कापलेली असेल, वलयं उभी असलेली, तर ती ०.८ मिमीच. फरक ०.८, दोन बाजूंना वाटला तर प्रत्येक बाजूला ०.४ मिमीची पायरी. रंगामुळे ओलावा आत-बाहेर करायला वेळ लागतो, मधल्या काळात ऋतू बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं होत नाही, समजा चौथा भागच झाला, तरी ०.१ मिमी. ग्लॉसवर ०.१ ची पायरी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसते, आणि १:२०० स्केलला ती खऱ्या जहाजावर दोन सेंटिमीटरची पायरी झाली.

म्हणून फळ्या एकाच ओंडक्याच्या, एकाच पद्धतीने कापलेल्या, वलयं एकाच दिशेला असलेल्या घ्यायच्या, म्हणजे हलल्या तरी सगळ्या सोबत हलतात. वखारीतून वेगवेगळे तुकडे स्वस्तात उचलून आणले की हा हिशेब अंगावर येतो. आणि आतून पोकळ करायचं. भरीव ठोकळा बाहेरून सुकतो आणि आतून ओला राहतो, मग ताण येतो. पोकळ केलेल्या अंगाची भिंत १०-१२ मिमी ठेवली तर पुरे, पण आतल्या बाजूलाही बाहेरच्याइतकंच सील करायचं. बाहेर चार हात आणि आत कच्चं लाकूड असं ठेवलं तर ओलावा आतून येणारच. सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे स्टँडच्या स्क्रूची भोकं. ती कच्ची राहतात, ओलावा तिथून शिरतो, आणि मग रेषा नेमक्या जहाजाच्या मध्याजवळच का उमटतात याचं कोडं पडतं. भोकात पातळ इपॉक्सी सोडा, फिरवा, उरलेलं काढून टाका, झालं.

प्लायवुड आणि एमडीएफ

बरेच जण म्हणतात लाकूड हलतं ना, मग एमडीएफ घेतो. सपाट कामाला एमडीएफ छान आहे. पण असलं गोल जहाज कोरताना तुम्ही एमडीएफची कड उघडी करता, सगळीकडे कडच कड, आणि एमडीएफ कडेनेच पाणी पितं. शिवाय त्याचा वरचा-खालचा पापुद्रा कडक आणि मधला गाभा मऊ, पॉलिश पेपर मारला की मऊ भाग जास्त जातो आणि कडक पापुद्रा रेष बनून उभा राहतो, म्हणजे सांधा हलायच्या आधीच रेष तयार. वर एमडीएफ एकदा पाण्याने फुगलं की सुकल्यावर पूर्वीच्या मापाला परत येत नाही. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे असतात, एक पट्टा लाकडाच्या तोंडाचा (तंतू कापलेल्या टोकाचा), एक अंगाचा, दोन्ही पट्टे रंग वेगवेगळा पितात, पट्टे उमटतात. या दोन्हींपैकी काही वापरलंच असेल तर पुढे सांगितलेलं कापडाचं काम केल्याशिवाय सुटका नाही.

माझं मत विचाराल तर या विशिष्ट आकारासाठी टूलिंग बोर्ड सगळ्यात बरा. पॉलियुरेथेनचा दाट ठोकळा, त्याला रेषा नाहीत, वलयं नाहीत, ओलाव्याने जवळजवळ हलत नाही, चाकूने कापल्यासारखा कापला जातो. नवा ठोकळा महाग पडतो, पण कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) करणाऱ्यांकडे तुकडे उरलेले असू शकतात, ओळखीने विचारून बघा. आणि जाताच आहात तर त्या लोकांकडून लाकूड जोडायची पद्धतही बघून या, कारण ज्याच्या पॅटर्नवर ओतकाम होणार त्याला पायरी चालतच नाही, त्यांचं सगळं शिक्षण याच प्रॉब्लेमवर झालेलं असतं. मात्र टूलिंग बोर्डची धूळ भयंकर बारीक, मास्क लावून आणि घराबाहेरच घासा.

लांबीचा भाग

कार पेंटवाल्याकडची एनसी पुट्टी ट्यूबमधून काढायची, लावायची, अर्ध्या तासात घासायची, सोपं काम. पण ती थिनर उडून वाळते, म्हणजे जेवढं उडतं तेवढी आटते, आणि जाड भरली तर वरून वाळते आणि आत ओली राहते, मग आठवडेच्या आठवडे आटत राहते. वर रंग मारून ते थिनर आणखीच कोंडलं जातं. एनसी पुट्टी फक्त टाचणीएवढ्या भोकांना, ओरखड्यांना, अगदी पातळ. खड्डा भरायला दोन डब्यांची, हार्डनर टाकायची पॉलिस्टर पुट्टी, ती रासायनिक पद्धतीने घट्ट होते, आटणं खूपच कमी. हार्डनर डब्यावर लिहिलंय तेवढंच. "लवकर सेट व्हावी" म्हणून जास्त टाकला तर वरच्या पांढऱ्या रंगात पिवळट डाग उठतात, आणि ते पुन्हा रंग मारून जात नाहीत, खालून परत येतात.

घासताना बोटं वापरू नका. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. पुट्टी, लाकूड, गोंद, तिघांचा कडकपणा वेगळा, बोट मऊ जागी दाबतं आणि तिथे लाट तयार होते, ती लाटच नंतर रेष म्हणून दिसते. एक दीड फूट लांब, वाकेल अशी ॲक्रिलिकची पट्टी घ्या, तिला डबल टेपने पॉलिश पेपर चिकटवा आणि जहाजाच्या लांबीला तिरकं, आधी एका बाजूने आणि मग उलट बाजूने घासा. पट्टी वाकून गोलाईला बसते आणि खड्ड्यावरून उडी मारून जाते, बोट खड्ड्यात शिरतं. १२० ने आकार, १८०, २४०, मग प्रायमर. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा मारा आणि ३२० ने हलकंसं घासा, जिथे काळं राहिलं तिथे खड्डा, जिथे सगळ्यात आधी लाकूड दिसलं तिथे उंचवटा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, काळ्या ठिपक्यांवर ठेवा.

आता रंगवलेलं मॉडेल हातात आहे, रेषा आल्यात, काय करायचं

रेष एकदाच बसून थांबलेली असेल (गोंदाचं पाणी, आटलेली लांबी), तर सोपं. रेषेच्या दोन्ही बाजूंना बोट बोट रुंदीपर्यंत रंग प्रायमरपर्यंत उतरवा, पॉलिस्टर पुट्टी पातळ, एक-दोन दिवस थांबा, पट्टीने घासा, सरफेसर (जाड प्रायमर), काळा शिडकावा, परत घासा. फक्त रेषेपुरती पुट्टी भरून तेवढंच घासायचा मोह आवरा, नाहीतर खोलगट रेषेच्या जागी उंच रेष मिळेल.

हलती रेष असेल तर जास्त काम आहे, पण एकदाचं होतं. पूर्ण अंगाचा रंग लाकडापर्यंत उतरवायचा. सांध्यावर पटाशीच्या टोकाने चार-पाच मिमी रुंदीची तिरकी खाच काढायची, फार खोल नाही, आणि त्यात लाकडाचा बारीक भुसा किंवा मायक्रोबलून (पोकळ बारीक गोळ्यांची पूड) मिसळून घट्ट केलेला इपॉक्सी भरायचा. घट्ट झाला की घासून सपाट. मग पूर्ण अंगावर पातळ काचकापड चढवायचं, विमानांची मॉडेल करणारे वापरतात तसलं, २५ ते ५० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम). कापड कोरडंच अंगावर पसरवा, हाताने सुरकुत्या बाहेर काढा, टोकांना छोटे काप द्या, आणि वरून लॅमिनेटिंग इपॉक्सी मधोमध ओतून जुन्या एटीएम कार्डाने बाहेरच्या दिशेला ओढत न्या. कापडाची वीण दिसायला हवी, इपॉक्सीचं तळं नको. वीण भरायला दुसऱ्या दिवशी अजून एक पातळ हात. या कापडाचं काम असं की सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकाच कातड्यात बांधून टाकतं, ओलावा आत जायचा वेग एकदम कमी करतं, आणि उरलेली हालचाल एका रेषेत न साठता मोठ्या भागात पसरते, मग डोळ्याला दिसत नाही.

कापड कोणत्या महिन्यात चढवायचं हे मात्र महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये लाकूड फुगलेलं असताना सील केलं तर आतला ओलावा कोंडला जातो. सगळ्यात बरा काळ दिवाळीनंतर ते मार्च, लाकूड मधल्या कुठल्यातरी ओलाव्यावर असतं. अगदी मे मधलं कोरडंठाक लाकूडही नको, कारण मग त्याला पुढे फुगायलाच वाव उरतो.

इपॉक्सी दमट हवेत सेट झाला की त्याच्यावर मेणचट थर येतो, हाताला साबणासारखा लागतो. थिनरने पुसू नका, पसरतो फक्त. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, खळखळून धुवा, कोरडं करा, मग घासा. हा थर ठेवून वर पॉलिस्टर पुट्टी लावली तर ती कित्येक दिवस चिकटच राहते, आणि मग लोक म्हणतात पुट्टी डुप्लिकेट निघाली.

थ्रीडी प्रिंट आणि प्लास्टिक शीटवाले

तुमच्याकडे लाकूड नाही, पण रेषा आहेत, फक्त कारण वेगळं. प्रिंटरचा बेड बहुतेकांचा २२० मिमीच्या आसपास, त्यामुळे जहाज चार-पाच तुकड्यांत निघतं आणि रेषा आडव्या न येता उभ्या येतात. तुकडे सुपरग्लूने जोडले की तो गोंद पीएलएपेक्षा (प्रिंटच्या नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा) कडक होतो, घासताना पीएलए जातं आणि गोंद राहतो, उंचवटा. सांध्याच्या तोंडाला आधीच तिरकी खाच ठेवा, गोंद आतल्या बाजूला, बाहेरची खाच पुट्टीने भरा, म्हणजे बाहेर फक्त पुट्टी आणि पीएलए भेटतात. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा प्रदर्शनाला नेताना उन्हात बंद गाडीत ठेवू नका, तिथे सांधाच नाही तर अख्खं जहाज वाकेल.

प्लास्टिक शीटवर पातळ सॉल्व्हेंट गोंद वापरला असेल तर तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि पुढे बरेच दिवस उडत राहतो, जागा बसत जाते. उपाय तोच, थांबणं, आणि गोंद कमी.

रंगाबद्दल थोडंसं

पावसात ड्युको (स्प्रेने मारायचा, थिनर उडून वाळणारा रंग) मारला तर तो धुरकट पडतो, पांढऱ्यावर ते कळत नाही पण चमक जाते. रिटार्डर थिनर थोडा मिसळा किंवा सरळ उघडीप बघा. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकाऊ आहे, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, कापडी मास्क काही कामाचा नाही, त्यामुळे मॉडेल गॅरेजवाल्याच्या बूथमध्ये नेऊन मारून घ्या, बाइकच्या टाकीसोबत तुमचंही जहाज निघून जाईल, फार पैसे घेत नाहीत. फक्त त्याला बजावून सांगा की वर जाड लॅकर ओतू नको, १:२०० ला जाड लॅकर खेळण्यासारखा दिसतो.

पूर्ण ग्लॉसऐवजी सॅटिन (अर्धवट चमकेचा हात) मारलं तर निम्म्या रेषा आपोआप गायब होतात, आणि स्केलच्या हिशेबाने सॅटिनच जास्त खरं दिसतं, एवढ्या लांबून खऱ्या जहाजाचा रंग आरसा मारत नाही. चंदेरी रंगाला मात्र हात लावताना दहादा विचार करा. सिएटलची कलाकाला नावाची फेरी, १९३५ मध्ये सेवेत आली, स्ट्रीमलाइन जहाजांपैकी खरोखर बांधलं गेलेलं आणि अनेक वर्षं चाललेलं, २७६ फूट लांब, १:२०० ला ४२ सेंटिमीटर होते, टेबलावर मावते आणि फोटोही भरपूर मिळतात, म्हणून बेल गेडीसच्या जहाजानंतर बरेच जण तिच्याकडे वळतात. ती चंदेरी होती. चंदेरी रंगातला प्रत्येक कण उजेड फेकतो, पांढऱ्यावर जी रेष माफ होते ती चंदेरीवर ओरडून सांगते. ज्यांचं पांढरं मॉडेल एक पूर्ण पावसाळा काढून रेषेशिवाय उभं आहे त्यांनीच कलाकाला घ्यावी.

खिडक्यांच्या लांब पट्ट्या शेवटी करा, निदान एक पावसाळा गेल्यावर. डीकल (चिकटवायच्या छापील पट्ट्या) लावून झाल्यावर रेष आली तर पट्ट्यांसकट सगळं उतरवावं लागतं, आणि शिवाय काळी सरळ पट्टी शेजारच्या पृष्ठभागाची प्रत्येक लाट दाखवून देते, त्यामुळे आधी अंग थांबलंय याची खात्री, मग खिडक्या.

ॲक्रिलिकची पेटी करणार असाल तर ती पूर्ण हवाबंद करू नका, तळाला मागच्या बाजूने दोन-तीन भोकं ठेवा आणि रंग मारून महिना झाल्याशिवाय मॉडेल आत ठेवू नका, उरलेलं थिनर आत कोंडलं की रंग परत मऊ पडतो. पेटी एसीच्या झोताखाली नको, बाल्कनीच्या दारापाशी नको, टीव्हीच्या वर तर नकोच. आतल्या भिंतीवर, जहाजाच्या मागे, शंभर-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रता मीटर चिकटवून ठेवा, आणि तो महिनाभर ४५ ते ६५ च्या मध्ये राहत असेल तर ती जागा पक्की करा.